फाटकावरची त्सोन्का

घर घेतलं तेव्हा किल्लीसोबत मिळाली
एक विहीर, तळघरात सव्वीस बरण्या, त्यातल्या नऊ भरलेल्या,
एक अक्रोड, ज्याच्या सावलीत काही म्हणजे काही उगवत नाही,
आणि फाटकावर, प्लास्टिकच्या कव्हरात,
एका बाईचा फोटो.

लीड्समध्ये एकोणतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या मी.
दुसऱ्यांचे श्वास मोजले.
इथली रात्र इतकी काळी, इतकी बिनघंटेची
की पहिला आठवडाभर मी उगाच जागी,
कुणीतरी बोलावेल म्हणून.

बल्गेरियन अक्षरं मी त्या कागदावरून शिकले.
सकाळी चहाचा कप घेऊन फाटकाशी उभी राहायचे.
एच दिसतो तो न,
पी दिसतो तो र,
सगळी ओळखीची मंडळी, वेषांतर करून बसलेली.
पहिलंच अक्षर मात्र अनोळखी:
उलटं ठेवलेलं स्टूल, त्याला खुरटी शेपटी.
दोन सकाळी गेल्या.
त्सो न् का.
खाली दोन तारखा. वजाबाकी केली, एक्क्याऐंशी.

शेजारचा गेन्चो माझ्याशी मोठ्याने बोलतो,
भाषा न समजणं म्हणजे बहिरेपण असं धरून.
लाकूड ओकचंच घे.
पॉपलर म्हणजे कागद, भुर्रकन जातं.
हे त्याने मला कागद जाळून दाखवलं.

ऑक्टोबरात पाणी शिरलं प्लास्टिकमध्ये.
आधी हनुवटी विरली, मग गळ्यातली माळ.
मी गेन्चोला हातानेच विचारलं, काढू का?
त्याने डोळे मिटले, मान वर झटकली,
जिभेने केलं, च्च.

माझ्या कानांना तो च्च जन्मापासून माहीत.
अरेरे, गेली बिचारी. काढ गं.
चार टाचण्या. कागद चमच्यांच्या खणात ठेवला.
फाटकाला हिरवा रंग दिला, दोन हात.
रंग फार छान बसला.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही.
म्हणजे, काहीच बोललं नाही.

जानेवारीत, गुडघाभर बर्फात पावाची गाडी आली.
पांढरा आहे का, मी विचारलं.
पाववाल्याने मान आडवी हलवली, डावी, उजवी, डावी,
आणि पांढरा पाव माझ्या हातात ठेवला.

मी तिथेच उभी. पाव गार होत गेला.
चार महिन्यांचे सगळे हो आणि सगळे नाही
डोक्यात एकमेकांच्या जागा बदलू लागले.
म्हणजे धुराडं साफ झालेलं नाही.
म्हणजे गेन्चोच्या बायकोला बरं वाटतंय.
म्हणजे तो च्च
च्चच होता, नको होता.

बोटं बधिर होती, तरी टाचण्या लावल्या.
जुनी भोकं रंगाखाली चाचपून सापडली, तीन.
चौथं नवं पाडावं लागलं.
गेन्चो फावडं टेकून बघत राहिला.
मग मान हलवली त्याने,
डावी, उजवी, डावी, सावकाश,
माझ्या हाडांना अजूनही ते नाहीच वाटतं.

मेमध्ये स्पेनहून पाकीट आलं. तिचा मुलगा,
अल्मेरियाला प्लास्टिकच्या शेतांत टोमॅटो खुडतो.
मला न बघता घर विकलं त्याने.
आत नवा कागद, फोटो तोच,
दोन वर्षांच्या जागी तीन.
चिठ्ठी नाही.
मी लावला. पावसाआधी कडांना मेण घासलं.

बरण्यांवरचं हस्ताक्षर मला अजून जड जातं.
हाताने लिहिताना इथली अक्षरं पुन्हा वेष बदलतात.
आठ बरण्या मी न वाचताच संपवल्या.
नवव्या झाकणावर तारखेपुढे दोनच शब्द,
खिडकीशी नेऊन, बोट ठेवून वाचले:

मीठ कमी.

उघडली. भाजलेल्या मिरच्या, तेल वर आलेलं.
चाखलं.
खरंच कमी होतं.